हेरकथाकाराची थकलेली मजुरी

गेल्या पावसाळ्यात जालन्यातील मस्तगड भागात एक छोटेखानी वाचक-मेळावा भरला होता. विषय होता ‘मराठी कादंबरीची वाटचाल’. व्याख्यानास बोलाविलेले प्राध्यापक महाशय अभ्यासू होते, वाणी रसाळ होती, आणि तासाभरात त्यांनी बाबा पदमनजींच्या १८५७ सालच्या ‘यमुनापर्यटना’पासून आजपर्यंतचा प्रवास आम्हाला घडविला. शेवटी एका तरुण श्रोत्याने उभे राहून विचारले, “सर, गुरुनाथ नाईकांचे नाव यात कोठे येते?” महाशय हसले. “ते लेखक नव्हेत, बाळ. ते कादंबऱ्या पाडणारे यंत्र होते,” असे ते म्हणाले. सभागृहात हशा पिकला. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर त्या हशात आम्हीही सामील होतो. घरी परतताना मात्र आमच्याच हसण्याची आम्हाला लाज वाटली, आणि त्या लाजेपोटीच हा लेख लिहिण्यास आम्ही प्रवृत्त झालो आहोत.

कोण होते हे गुरुनाथ नाईक? मूळचे गोव्याचे, लेखणीवर पोट भरणारे, आणि बाराशेहून अधिक कादंबऱ्या नावावर असलेले गृहस्थ. नोव्हेंबर २०२१ मध्ये ते निवर्तले. रहस्यकथेच्या नाना जाती त्यांनी हाताळल्या; परंतु वाचकांच्या मनात ते राहिले ते मुख्यतः ‘कॅप्टन दीप’चे जनक म्हणून. शत्रूच्या मुलखात शिरून कामगिरी फत्ते करणारा हा लष्करी हेर सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या असंख्य घरांत पोहोचला होता. १९६५ आणि १९७१ ची युद्धे लोकांच्या आठवणीत ताजी होती. रेडिओवरच्या बातम्यांतून जे युद्ध कानी पडत होते, त्याची पडद्यामागची बाजू पाहावी अशी ओढ गावोगावच्या वाचकाला होती. ती ओढ नाईकांनी ओळखली आणि भागविली. बाराशे कादंबऱ्या तीस वर्षांत वाटल्या तरी वर्षाला चाळीस होतात, महिन्याला तीनांहून अधिक. एवढे लिहिणारा माणूस यंत्र असेल, तर ते यंत्र कोणी चालविले, त्याला तेल कोणी घातले आणि त्यातून निघालेला माल कोणी खाल्ला, हे प्रश्न विचारण्याचे धाडस त्या सभागृहात कोणी केले नाही. आम्हीही केले नाही. ते आज करतो.

मस्तगडाविषयी दोन शब्द सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही. पहिल्या आसफजाहाच्या आज्ञेवरून काबिलखानाने १७२५ मध्ये ही गढी बांधली, असे तिच्या दरवाजावरील फारसी शिलालेखावरून कळते. चौकोनी तट, कोपऱ्यांवर अर्धगोल बुरूज, आणि आत एक विलक्षण विहीर, जिच्या पोटात सज्जे आणि खोल्या काढलेल्या आहेत. पुढे या गढीत नगरपालिकेची कचेरी बराच काळ होती. आमच्या बालपणी त्या विहिरीतून भुयार निघते आणि ते थेट अमक्या ठिकाणी उघडते, अशा गोष्टी मुलांत प्रचलित होत्या. भुयार कोणी पाहिले नव्हते. परंतु कॅप्टन दीप वाचलेल्या प्रत्येक मुलाला त्याच्या आत काय काय असेल हे ठाऊक होते.

ती पुस्तके आम्हाला मिळत कोठून? गढीपासून थोड्या अंतरावर एका वयस्क मुस्लिम गृहस्थांचे भाड्याच्या पुस्तकांचे दुकान होते. आम्ही सारे त्यांना चाचा म्हणत असू. पत्र्याचा आडोसा, दोन फळ्या, आणि रोजचे दहा पैसे भाडे. वरच्या फळीवर मराठी पुस्तके आणि खालच्या फळीवर उर्दू. त्या खालच्या फळीवर इब्ने सफींची ‘जासूसी दुनिया’ आणि ‘इम्रान’ मालिका असे. इब्ने सफी मूळचे अलाहाबादच्या बाजूचे. १९५२ मध्ये त्यांनी ‘जासूसी दुनिया’ सुरू केली, त्याच वर्षी ते कराचीस गेले, आणि १९८० मध्ये मृत्यू येईतो तेथूनच लिहीत राहिले. म्हणजे कराचीत लिहिलेला हेर आणि मराठीत लिहिलेला हेर चाचांच्या दुकानात एकमेकांच्या डोक्यावर बसलेले असत, आणि दोन्ही बाजूंची मुले दोघांनाही घरी नेत. “पन्ना नक्को मोडो बेटा,” एवढीच चाचांची अट असे. दुमडलेल्या पानांची, कडेला तेलकट बोटांचे ठसे उमटलेली ती पुस्तके आमच्या पिढीची खरी शाळा होती. पाठ्यपुस्तकाच्या चार ओळी वाचताना अडखळणारी मुले एका रात्रीत शंभर पाने संपवीत, कारण सकाळी पुस्तक परत न केले तर आणखी दहा पैसे पडत.

आमच्या ख्रिस्ती घरांतही याहून वेगळे चित्र नव्हते. मोठी माणसे ही पुस्तके पाहताच रागावत. प्रार्थनापुस्तकाच्या आड हेरकथा ठेवून वाचल्याबद्दल आम्हाला चोप बसलेला आहे. तरीही आज आमच्या ओळखीचे जे जे चांगले वाचक आहेत, शिक्षक असोत, परिचारिका असोत, धर्मगुरू असोत, त्यांतील बहुतेकांची वाचनाची पहिली पायरी याच फळीवरची होती. पुढे ते खांडेकर वाचोत की नेमाडे, वाचायला त्यांना कोणी शिकविले हे त्यांनी विसरू नये.

आता विद्वज्जनांचे आक्षेप एकेक करून पाहू.

पहिला आक्षेप असा की, हे साहित्यच नव्हे, कारण ते ठरावीक साच्याचे आहे. आम्ही हे नाकारीत नाही. नाईकांच्या बाराशे कादंबऱ्यांपैकी प्रत्येक वाचनीय आहे असा दावा त्यांचा कट्टर चाहताही करणार नाही. घाईची वाक्ये, पुठ्ठ्याचे खलनायक, केवळ शोभेपुरत्या वावरणाऱ्या स्त्रिया, सीमेपलीकडचा प्रत्येक मनुष्य दुष्टच असल्याचा आव, हे सारे दोष त्या काळच्या हेरकथांत सर्रास दिसतात. त्यांची चिकित्सा अवश्य व्हावी. परंतु चिकित्सा करावयाची म्हटली की आधी पुस्तक वाचावे लागते. न वाचताच हसून बाजूला सारणे हा समीक्षेचा प्रकार कोणत्या ग्रंथात सांगितला आहे? साचा म्हणाल तर अभंगालाही साचा आहे, आणि लावणीलाही. साच्यात राहून कोणी काय साधले हे पाहणे समीक्षकाचे काम आहे. ते काम मराठीत या प्रांतापुरते अपवादानेच झाले.

दुसरा आक्षेप नीतीचा. अशा पुस्तकांनी मुले बिघडतात. हा आक्षेप आमच्या वडीलधाऱ्यांचा लाडका होता, म्हणून त्यास आमच्याच घरातील उत्तर देतो. रोनाल्ड नॉक्स हे इंग्लंडातील कॅथॉलिक धर्मगुरू. संपूर्ण बायबलचे त्यांनी इंग्रजीत भाषांतर केले. याच नॉक्सबाबांनी रहस्यकथा लिहिल्या, आणि १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियमही घालून दिले. लेखकाने वाचकाला फसवू नये, पुरावा लपवू नये, हा त्यांचा मथितार्थ. जी. के. चेस्टर्टन यांनी तर १९११ मध्ये आलेल्या पहिल्या संग्रहापासून फादर ब्राऊन नावाच्या धर्मगुरूलाच गुन्ह्यांचा शोध घ्यावयास लावले. पापनिवेदन ऐकणाऱ्या माणसाला माणसाच्या मनातले पाप जितके ठाऊक असते तितके पोलिसालाही नसते, ही त्या कथांमागची दृष्टी. या माणसांची श्रद्धा रहस्यकथेमुळे डळमळली नाही. मग कॅप्टन दीपमुळे आमचीच कशी डळमळणार होती?

ग्रॅहॅम ग्रीन यांचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १९२६ मध्ये ते कॅथॉलिक झाले, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश गुप्तहेर खात्यात त्यांनी चाकरी केली, आणि हेरकथाही लिहिल्या. प्रारंभी त्यांनी स्वतःच आपल्या पुस्तकांचे दोन वर्ग पाडले होते. काहींना ते ‘कादंबरी’ म्हणत आणि काहींना केवळ ‘करमणूक’. ‘अवर मॅन इन हॅवाना’ ही १९५८ ची, झाडूयंत्रे विकणाऱ्या नकली हेराची कथा या दुसऱ्या वर्गातली. पुढे ग्रीन यांनी ही विभागणी स्वतःच सोडून दिली. एकाच हाताने लिहिलेल्या पुस्तकांत सोवळे-ओवळे करण्यात अर्थ नाही, हे त्यांना उमगले असावे. आमच्या विद्यापीठांना ते अद्याप उमगलेले नाही. १९५३ मध्ये त्यांच्या ज्या कादंबरीवर रोमच्या धर्मखात्याने नापसंती दाखविली, ती ‘करमणूक’ वर्गातली नव्हती, तर ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ ही त्यांची सर्वांत गंभीर गणली जाणारी कृती होती, हेही नीतीच्या राखणदारांनी ध्यानी घ्यावे.

तिसरा आक्षेप संख्येचा, आणि खरा वाद आम्हाला येथेच घालावयाचा आहे. “बाराशे कादंबऱ्या लिहिणारा माणूस कसदार काय लिहिणार?” असे विचारले जाते. आमचा उलट प्रश्न आहे: बाराशे कादंबऱ्या लिहिण्याची पाळी माणसावर का यावी?

उत्तर व्यवहारात आहे. या पुस्तकांच्या धंद्यात लेखकाला विक्रीच्या प्रमाणात मानधन देण्याची रीत नव्हती. हस्तलिखित द्यावे, ठरलेली रक्कम एकदाच घ्यावी आणि हक्क सोडावा, असा बहुतेक ठिकाणचा शिरस्ता. पुस्तक शंभर प्रती खपो की दहा हजार, लेखकाच्या पदरी पडावयाचे ते पडून गेलेले असे. पुढच्या महिन्याचा किराणा हवा तर पुढची कादंबरी हवी. शिवाय आमच्यासारखे वाचक पुस्तक विकत घेत नसत, ते भाड्याने आणीत. चाचांच्या दुकानातली एक प्रत साठ रात्री साठ घरांत गेली तर भाडे झाले सहा रुपये, म्हणजे तिच्या किमतीहून जास्त. त्यातून चाचांचे पोट कसेबसे भरले, आणि ते भरावे यात आमचा काही आक्षेप नाही. परंतु लेखकाच्या वाट्याला त्या साठ रात्रींतून एक पैसाही आला नाही. वाचक साठ आणि मोबदला एका प्रतीचाही नाही, अशा बाजारात टिकावयाचे तर लेखकाने संख्या वाढविण्यावाचून काय करावे? तेव्हा ज्या संख्येला तुम्ही हसता ती त्याच्या प्रतिभेची उणीव नव्हे. ती आम्ही न दिलेल्या मजुरीची बेरीज आहे.

याला उपाय नव्हता असे कोणी म्हणू नये. ब्रिटनमध्ये १९७९ साली कायदा झाला की, सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक जितक्या वेळा वाचकाच्या हाती जाईल त्या प्रमाणात लेखकाला सरकारी निधीतून मोबदला मिळावा. पहिली रक्कम १९८४ मध्ये वाटली गेली. तेथे ग्रंथालयांतून रहस्यकथा आणि हेरकथा मोठ्या प्रमाणावर वाचल्या जातात, आणि तो मोबदला त्या लेखकांना पोहोचतो. लेखकाचा हा ‘वाचनहक्क’ जगातील अनेक देशांनी मान्य केला. भारताने अद्याप केलेला नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे; ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, त्यांना अनुदान आहे, अनुदानाचे निकष आहेत. त्या साऱ्या कागदपत्रांत वाचकाची मोजदाद होते, पुस्तकांची होते, खुर्च्या-टेबलांचीही होते. ज्याने पुस्तक लिहिले त्याचा प्रश्न मात्र कोठे उपस्थित होत नाही.

नाईकांच्या आधीच्या पिढीकडे पाहिले तरी हेच दिसते. बाबूराव अर्नाळकर, मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. जन्म १९०६, मृत्यू १९९६. वसईकडच्या आमच्या वाचकांना त्यांच्या टोपणनावातला अर्नाळा परिचयाचा आहे. झुंजार, धनंजय आणि छोटू, काळापहाड ही त्यांनी घडविलेली माणसे दोन पिढ्यांच्या तोंडी होती. त्यांची पुस्तके हजाराहून अधिक, आणि त्या विक्रमाची नोंद गिनेसच्या ग्रंथात झाली. म्हणजे जगाने मोजले, आणि मराठी साहित्यसंस्थांनी मोजले नाही. एवढे लिहूनही बाबूराव चष्म्याचे दुकान चालवीत. वाचकाच्या डोळ्यांना काम देणारा लेखक पोटासाठी त्याच डोळ्यांना चष्मे विकत होता. यात विनोद आहे, पण तो त्यांच्यावर नाही, आमच्यावर आहे.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद रहस्यकथेवर नाव मिळविलेल्या एकाही लेखकाच्या वाट्याला आलेले नाही. संमेलनाची कवाडे हळूहळू रुंदावत आहेत, याचा आम्हाला आनंद आहे. २०२० मध्ये आमच्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्षस्थानी बसले आणि ख्रिस्ती मराठी लेखनाला ते स्थान प्रथमच लाभले. डिसेंबर २०२१ च्या नाशिकच्या संमेलनासाठी विज्ञानकथाकार डॉ. जयंत नारळीकर अध्यक्ष झाले. त्याच्या एक महिना आधी गुरुनाथ नाईक गेले होते. विज्ञानकथेला मिळालेला मान योग्यच होता. प्रश्न एवढाच की, दाराबाहेर उभे राहण्याचे दुःख ज्या आम्हा ख्रिस्ती मराठी लेखकांनी चार पिढ्या सोसले, त्या आम्ही तरी दुसऱ्या कोणाला दाराबाहेर पाहून हसावे काय?

कोणी म्हणेल, गेले ते दिवस. भाड्याची दुकाने बंद झाली, कॅप्टन दीप संपला, आता हे उकरून काय उपयोग? उपयोग आहे, कारण हेरकथा संपलेली नाही. ती पुस्तकातून पडद्यावर गेली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८५ मध्ये ‘करमचंद’ आला, १९९३ मध्ये ‘ब्योमकेश बक्षी’, मराठीत पोलिसी तपासाची ‘एक शून्य शून्य’, आणि १९९८ पासून वीस वर्षे ‘सीआयडी’. आता तर मोबाइलच्या पडद्यावर हेरांची रीघ लागली आहे. पूर्वी जो वाचक चाचांच्या फळीपुढे उभा राहत असे, त्याचा नातू आज तीच उत्कंठा तेथे शोधतो. आणि आमच्या जालन्याची, परभणीची, बीडची लिहिती मुले त्याच पडद्यासाठी लिहावयास मुंबईस जातात.

त्यांच्यासमोर सुहास शिरवळकरांचे उदाहरण आहे. जन्म १९४८, मृत्यू २००३. दारा बुलंद, फिरोझ इराणी, मंदार पटवर्धन, बॅरिस्टर अमर विश्वास या नायकांच्या रहस्यकथांनी त्यांची लेखणी घडली. आणि त्याच लेखणीने ‘दुनियादारी’ लिहिली. त्यांच्या हयातीत समीक्षकांनी त्यांच्याकडे पाठच फिरविली होती. मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, ‘दुनियादारी’वरचा चित्रपट गावोगाव गर्दी खेचू लागला, २०२० मध्ये त्यांच्या ‘समांतर’वर मालिका निघाली. तेव्हा मात्र सर्वांना शिरवळकर आठवले. शिरवळकरांचे पुस्तक निदान नावानिशी पडद्यावर गेले. परंतु जे मूळ पुस्तक न लिहिता थेट मालिकेचे भाग लिहितात, त्यांचे काय? पहाटेपर्यंत भाग लिहून पाठविणारे, नाव पडद्यावर एक क्षण झळकून जाणारे आणि एकरकमी मोबदल्यावर हक्क सोडणारे हे तरुण आम्ही पाहिले आहेत. त्यांच्यात आणि महिन्याला तीन कादंबऱ्या लिहिणाऱ्या हेरकथाकारात आम्हाला फरक दिसत नाही. यंत्र तेच आहे, फक्त बदलून नवे बसविले आहे.

तथापि एका बाबतीत काळ पालटला आहे, आणि तो मुद्दा प्रत्येक लिहित्या मुलामुलीने गाठीस बांधावा. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात १९९४ साली अशी दुरुस्ती झाली की, करारात हक्क किती वर्षांसाठी दिला हे लिहिले नसेल तर तो पाच वर्षांपुरताच दिला असे समजावे, आणि कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिले नसेल तर भारतापुरता. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल टाकले. चित्रपटासाठी लिहिलेल्या साहित्याचा चित्रपटगृहाबाहेर अन्य मार्गाने वापर झाल्यास त्या उत्पन्नात लेखकाचा समान वाटा राहतो, आणि तो वाटा सोडून देण्याचा करार त्याने केला तरी तो कायद्याने टिकत नाही. नाईक-अर्नाळकरांच्या ऐन उमेदीत ही कवचे नव्हती. आज आहेत, परंतु सही करणाऱ्याला ती ठाऊक नसतील तर त्यांचा उपयोग शून्य. आमच्या युवक-शिबिरांतून वक्तृत्व शिकवितात, गायन शिकवितात. कराराचा कागद कसा वाचावा हे एका दुपारी शिकविले तर कोणते बिघडेल?

दुसरी गोष्ट जतनाची. १९५४ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत प्रकाशकाने तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास, तसेच चेन्नई, मुंबई आणि दिल्ली येथील नेमून दिलेल्या ग्रंथालयांस पाठवावयाची असते. कायदा ज्ञानेश्वरी आणि हेरकथा यांत भेद करीत नाही. भेद करतो तो आमचा आळस. आमच्या परिचयाच्या वाचनालयांत ही पुस्तके एक तर घेतलीच गेली नाहीत, किंवा फाटताच रद्दीत गेली. लेखकाच्या मृत्यूनंतर त्याचा हक्क साठ वर्षे टिकतो. रवींद्रनाथांच्या ग्रंथांवरील हक्काची मुदत संपत आली तेव्हा १९९२ मध्ये ती पन्नासांची साठ केली गेली. सर्व लेखकांना त्याचा लाभ झाला. म्हणजे अर्नाळकरांचे हक्क २०५६ च्या अखेरीपर्यंत आणि नाईकांचे २०८१ च्या अखेरीपर्यंत जिवंत आहेत. परंतु पुस्तकाची एकही प्रत उरली नाही तर तो हक्क कशावर चालवावयाचा?

म्हणून आमच्या तीन मागण्या आहेत, आणि त्या सरकारकडे जेवढ्या तेवढ्याच स्वतःकडेही आहेत. सार्वजनिक ग्रंथालयांच्या अनुदानातून लेखकाचा वाचनहक्क मान्य व्हावा; आरंभ हयात लेखकांपासून करावा. मराठवाड्यातील प्रत्येक वाचनालयाने एक कपाट या तुच्छ मानलेल्या पुस्तकांसाठी राखावे, आणि ज्यांच्या माळ्यावर ती पडून आहेत त्यांनी रद्दीवाल्याऐवजी तेथे न्यावीत. आणि आमच्यासारख्या नियतकालिकांनी वर्षातून एकदा तरी अशा एखाद्या लेखकाच्या पुस्तकाचे, दोष दाखवूनच का होईना, गंभीरपणे परीक्षण करावे. या शेवटच्या मागणीत आम्हीच पहिले गुन्हेगार आहोत, कारण इतकी वर्षे लिहूनही आम्ही कोणा हेरकथाकारावर एक ओळ लिहिली नव्हती.

१८९१ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी श्रमिकांच्या न्याय्य वेतनाविषयी जे परिपत्रक काढले, त्याचे गोडवे आम्ही दर वर्षी मे महिन्यात गातो. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी त्याच्या हाती पडावी हा तर त्याहून कितीतरी जुना दंडक. गिरणीतला मजूर, वीटभट्टीवरचा मजूर, ऊसतोडीचा मजूर आमच्या डोळ्यांपुढे चटकन येतो, आणि यावाही. लेखणीचा मजूर मात्र आम्हाला दिसत नाही, कारण त्याचा माल आम्ही लपवून वाचलेला असतो.

त्या मेळाव्यातील तरुणाला सभागृहाने हसून खाली बसविले. त्याचे नाव आम्हाला ठाऊक नाही. हा लेख त्याच्या हाती पडला तर त्याने एवढे समजावे की, त्याचा प्रश्न बरोबर होता आणि आमचे हसणे चुकीचे होते. गुरुनाथ नाईकांचे नाव मराठी कादंबरीच्या वाटचालीत येते, आणि ते येते त्या पानावर ज्यावर आम्हा वाचकांची उधारी मांडलेली आहे. चाचांची दहा पैशांची वही आम्ही वेळच्या वेळी चुकती केली होती. ही दुसरी वही अद्याप उघडलेलीच नाही.